पाणी निवळेपर्यंत

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून शिवणाचं दुकान आहे. त्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. सगळे म्हणतात, "टेपमावशीकडे दिलंय." गळ्यात टेप नसताना तिला मी क्वचितच पाहिलं. दूध आणायला गेली तरी टेप गळ्यात. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे काय घालून आलात, तर म्हणाली, तुमच्या गळ्यात ते नळीचं यंत्र असतं, त्याबद्दल मी कधी विचारलंय का?

दुकान लहान आहे. एक पायाची शिलाई मशीन, एक मोटरची. खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत रंगांप्रमाणे लावलेली बटणं. कोपऱ्यात पडदा, पडद्याआड आरसा आणि एक हूक. माझे पती गेल्यावर दुपारी वरच्या खोल्यांत बसवेना, म्हणून मी खाली येऊन तिच्या स्टुलावर बसू लागले. नुसतं बसणं बरं दिसत नाही म्हणून बटणं लावू लागले. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन शिवणाच्या तासाला उलटी बाजू आधी तपासत. टेपमावशीचं काम त्यांनी उलटसुलट पाहिलं असतं तरी सुलट कुठली ते त्यांना ठरवता आलं नसतं. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मला वहिनी म्हणते.

तिला एकाच माणसासाठी टेप लागत नसे, ते म्हणजे तिची धाकटी बहीण. धाकटी आली की ही तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवी, तिथून दंडावर, मग कमरेपर्यंत खाली आणी, आणि सरळ कात्री उचली. मी एकदा म्हटलं, अगं, वय वाढतं तसा माणूस सुटतो, टेपने माप घे. "हिचं माप माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "सुटली तर तिच्याआधी मला कळेल." धाकटीने लगेच, म्हणजे काय, मी जाड झालेय असं म्हणायचंय का, म्हणून कुरकुर केली. तसं त्या दोघींचं चांगलं चाले.

त्यांचे वडील लॉरी चालवत. घरात खेळणी नव्हती, पण लॉरीच्या चाकाची एक जुनी ट्यूब होती. मुली ती कालव्यावर न्यायच्या. धाकटी ट्यूबमध्ये पाय पसरून राणीसारखी बसे आणि थोरली काठाने दोरी धरून चाले. ट्यूब एकच, आणि दोरी सोडली तर धाकटी वाहून जाईल. त्यामुळे पाळी कधी बदललीच नाही. पुढे वडील अकाली गेले, थोरली मशीनवर बसली, धाकटी शिकली, दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात लागली, लग्न झालं, मुलगा झाला, सूनही आली. थोरलीचं लग्न राहून गेलं. हे सगळं ती मला बटणं निवडता निवडता सांगायची, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत.

नदीशी तिचा संबंध आला तो एका गिऱ्हाइकामुळे. पुलाजवळ पंक्चर काढणारा एक माणूस होता. नवा रस्ता गावाबाहेरून गेला, लॉऱ्या तिकडून जाऊ लागल्या, आणि त्याचं दुकान ओस पडलं. पडून राहिलेल्या ट्यूबा पाहून त्याला कल्पना सुचली. वरच्या बंधाऱ्यापासून पुलापर्यंत तो लोकांना ट्यूबमधून नदीने खाली आणू लागला. लोक येऊ लागले. त्याला आता सगळे ट्यूबवालाच म्हणतात. पण उन्हात काळं रबर तापतं, मांड्या भाजतात. म्हणून तो टेपमावशीकडे कव्हरं शिवायला आला. तिने ताडपत्रीची कव्हरं केली, खाली बसायला जाळी, बाजूंना धरायला पट्टे.

थोड्या दिवसांनी तो परत आला. ट्यूबमध्ये हवा भरायचा जो पितळी व्हॉल्व्ह असतो, तो बसणाऱ्याच्या पाठीला घासतो, ओरखडे निघतात, एका बाईंचा तर नवा कपडा फाटला. टेपमावशीने त्याला एक फुगवलेली ट्यूब दुकानात आणायला लावली, पडदा बाजूला केला, आणि स्वतः फरशीवर त्या ट्यूबमध्ये बसली. पाय वर, हात बाजूंना, गळ्यात टेप. मी आणि ट्यूबवाला हसून बेजार. ती मात्र मान वळवून बघत होती व्हॉल्व्ह कुठे टोचतो ते. खांद्याच्या पात्याखाली, जरा डावीकडे. मग तिने प्रत्येक कव्हरला आतून कापूस भरलेली एक झडप लावली, दोन टिचबटणांची. त्यानंतर तक्रार आली नाही.

कव्हरांच्या निमित्ताने ती नदीच्या गोष्टी ऐकू लागली. मापं द्यायला आलेल्या बायका सांगत. निम्म्या वाटेवर नदी दोन उंच खडकांमधून जाते. तिथे पाणी खोल होतं, ट्यूब जरा मंदावते. एका बाजूच्या कातळावर पाकोळ्यांची मातीची घरटी आहेत, इतकी की भिंतीला कोणीतरी मणी शिवल्यासारखी दिसते. पाणी नितळ असलं तर तळाशी आपल्याच ट्यूबची गोल सावली आपल्याबरोबर सरकताना दिसते. काठाने तिथे जायला वाट नाही. ती भिंत बघायची तर पाण्यातूनच. मणी शिवलेली भिंत टेपमावशीच्या डोक्यात बसली. मणीकाम तिने खूप केलं होतं.

पण जायची घाई तिला नव्हती. नदी काय पळून जातेय, असं तिचं म्हणणं.

मग ती दारांना धडकू लागली. इस्त्री शेजारीच असताना सापडेना. एकदा भाजलीही. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. कडेकडेची नजर जात होती आणि मधली शाबूत होती. गेली ती परत येणार नाही, थेंबांनी जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. तिने दुकानात येऊन मशीनवर बसत मला एवढंच सांगितलं की बाजूचं जातंय, मधलं राहतंय, आणि सुईला मधलंच लागतं. कात्री शोधावी लागू नये म्हणून ती कात्रीही नाडीने गळ्यात अडकवू लागली. जरा वेळ मशीन चालवून थांबली आणि म्हणाली, एक मात्र बघून घ्यायचंय, ती भिंत.

धाकटी तेव्हा तिथेच होती. तिचे डोळे भरून आले होते. ती उठून थोरलीच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, या वेळी ट्यूबमध्ये तू बस. दोरी मी धरते."

मी टेपमावशीला त्या दिवशीइतक्या खुशीत फार वेळा पाहिलेली नाही. तिने उरलेल्या तुकड्यांतून स्वतःसाठी एक पिवळं कव्हर शिवलं. झडपेला दोनऐवजी तीन बटणं. माझी पाठ जुनी आहे, म्हणाली. ते कव्हर तिने पडद्याआडच्या हुकाला अडकवून ठेवलं.

आता प्रश्न उरला कधी जायचं एवढाच. पावसाळा संपत आला होता. धाकटी रोज बसने पुलावरून कामाला जायची, खिडकीतून पाणी तिला दिसायचं. तेव्हा ठरवायचं काम आपसूक तिच्याकडे गेलं. ती म्हणाली, पाणी अजून गढूळ आहे, ताई. वाहून नेईल ते वेगळं, पण दिसायचं काही नाही, आणि तुला तर बघायचंय. हे पटण्यासारखं होतं. मी रोजची हवा लिहून ठेवते, म्हणून टेपमावशी मला विचारी, गेल्या साली पाऊस कधी उघडला होता? मी पाहून सांगे. ती मान हलवी आणि वाट बघे. मग पाणी निवळलं असेल असं वाटेपर्यंत थंडी पडली. धाकटी म्हणाली, पाणी बर्फ झालंय, तुझे सांधे धरतील. थंडी सरली, उन्हाळा आला. आता पाणी उतरलंय, ट्यूब दगडांना घासतात, निम्मी वाट उतरून चालावी लागते, तू ठेचकाळशील. मग परत पावसाळा.

यातलं प्रत्येक कारण खरं होतं. म्हणूनच ते कोणाला खटकलं नाही.

दुसऱ्या वर्षीही असंच झालं. गढूळ, मग गार, मग उथळ. टेपमावशी हसायची. मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर उद्या या म्हणत आले, आता नदी मला म्हणतेय, असं म्हणायची. मी एकदा सुचवलं की ट्यूबवाल्यालाच विचारू या. तर धाकटीला वाईट वाटेल, म्हणाली. ती एवढं रोज बघून सांगते आणि आपण दुसऱ्याला विचारायचं?

मधल्या काळात बाकीचं काम चालू होतं, पण हळू. तिने टेपेवर ठरावीक अंतरांवर दोऱ्याच्या गाठी मारून घेतल्या होत्या, बोटांना आकडे कळावेत म्हणून. फिटिंगला ती आता सगळ्यांचीच पाठ हातांनी वाचायची. माझ्याशी बोलताना माझा चेहरा सापडेपर्यंत तिची मान जरा इकडेतिकडे फिरे. नळीतून बघितल्यासारखं आहे, तिने सांगितलं, आणि नळी दर महिन्याला कोणीतरी बारीक करतंय.

तिसऱ्या वर्षी पाऊस वेळेत उघडला. मग असे लख्ख दिवस आले की माझ्या गॅलरीतून जीपच्या टपावर बांधलेल्या ट्यूबा जाताना दिसत, आणि त्यांवर टेपमावशीचीच कव्हरं. मी खाली येऊन तिला सांगितलं. तिने धाकटीला फोन केला. धाकटी म्हणाली, हो, लोक जातात, पण वर बंधाऱ्याची दुरुस्ती चाललीय, गाळ सोडतायत. ज्यांना नुसतं डुंबायचं त्यांना चालतं, तुला नाही चालणार. अजून थोडं थांब. टेपमावशी थांबली.

त्यानंतर काही दिवसांनी धाकटी फिटिंगला आली. दवाखान्यातून ती निवृत्त होत होती, निरोपाचा कार्यक्रम होता. त्यासाठी निळा ड्रेस, पाठीला चेन. मी स्टुलावर एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला दुमड घालत बसले होते. धाकटीच्या नाकाचं साल निघालेलं मला दिसलं. मी विचारलं. बसची वाट बघताना ऊन लागलं, ती म्हणाली. मी पुढे काही विचार केला नाही.

फिटिंगचा पडदा अर्धा उघडाच होता. धाकटी आरशासमोर उभी राहिली, ड्रेस चढवला, बाह्या अजून जोडायच्या होत्या, चेन उघडी. टेपमावशी मागे उभी राहून टाचण्या लावत होती. तिची बोटं मानेपासून पाठीवरून खाली येत होती. खांद्याच्या पात्याखाली ती थांबली. तिने तीच जागा पुन्हा चाचपली. मग तिने चेहरा पाठीच्या अगदी जवळ नेला, बारीक अक्षर वाचायला नेतात तसा, आणि मान हळूहळू हलवत ती जागा तिच्या नळीत पकडली.

मला आरशात धाकटीचा चेहरा दिसत होता. ती पुढून गळा कसा बसलाय ते बघत होती.

"हे कशाने?" टेपमावशीने विचारलं.

"काय?"

"पाठीवर."

"ते होय. कपाटाचा खिळा लागला."

"हं," टेपमावशी म्हणाली. "हात वर कर." धाकटीने हात वर केले. टेपमावशीने दंड वळवून बघितल्यासारखं केलं, काखेची शिवण चाचपली, एक टाचणी लावली. "घे खाली. दोन दिवसांनी ये."

धाकटी गेली. तिने जाताना नेहमीप्रमाणे थोरलीच्या गालावर गाल टेकवला. टेपमावशी मशीनवर जाऊन बसली, पण तिने पाय हलवला नाही. मग मला म्हणाली, वहिनी, ते पिवळं कव्हर जरा काढून देता का. मी दिलं. तिने झडप उघडली आणि बंद केली, तिन्ही बटणं.

खिळा एकदाच लागतो, ती म्हणाली. सरळ रेघ निघते. ही जागा पुन्हा पुन्हा घासलीय, पाणी हलेल तशी. आणि काखेत काळं आहे. ते रबर आहे, साबणाने लगेच निघत नाही. मी म्हटलं, अगं, असेल काहीतरी दुसरं. माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. नाकाचं साल मला आठवत होतं, ते मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तिला पाठ झाकायचंसुद्धा सुचलं नाही, वहिनी," ती म्हणाली. "ताईला आता काय दिसतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुलाशी गेलो. ती माझ्या दंडाला धरून चालत होती. या वयात मला कोणाचातरी आधार लागायचा, तर मीच आधार झाले होते. ट्यूबवाला एका पिंपातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. आम्हाला बघून त्याने हात पुसले, खुर्च्या पुसल्या, चहा मागवला. टेपमावशीने काहीही विचारायच्या आधीच तो सुरू झाला.

"मावशी, आणखी कव्हरं लागणार बघा. परवा तुमच्या बहीणबाईंनी अख्खं खानदान आणलं. मुलगा, सून, सुनेच्या माहेरचे. कव्हरं पुरली नाहीत, मला जुन्या उघड्या ट्यूबा काढाव्या लागल्या. बहीणबाईंचं मन मोठं. म्हणाल्या, कव्हरवाल्या पाहुण्यांना द्या, मला चालेल उघडी."

टेपमावशीने चहाची बशी हातात तशीच धरली होती. विचारलं, पहिल्यांदाच आल्या होत्या का? ट्यूबवाला हसला. पहिल्यांदा कशाला, दरवर्षी येतात. पाणी निवळलं की पहिला फोन त्यांचाच. आणि बंधाऱ्याची दुरुस्ती? तिने विचारलं. कसली दुरुस्ती? तो म्हणाला. हेच तर वर्षातले सगळ्यात चांगले दिवस. पूर असला की आपण बंद. बाकी ज्याला जसं हवं तसं. कोणाला थंडीत शांत आवडतं, पोरांना उन्हाळ्यात उथळ पाण्यात मजा येते. पण बघायला यायचं तर आत्ता, थंडी पडायच्या आत.

मग मी विचारलं की इतकी कव्हरं नेलीस-आणलीस, यांना कधी बोलावलं का नाहीस? तो गोंधळला. टेपमावशीकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "मावशींना पाण्याची भीती वाटते ना? बहीणबाईंनीच मला पहिल्या वर्षी सांगून ठेवलं. ताईला पाण्यात चला म्हणू नका, तिला कसंसं होतं."

परत येताना आम्ही पुलावर थांबलो. खाली पाणी हिरवट आणि इतकं स्वच्छ होतं की तळाचे गोटे मला, या डोळ्यांनी, मोजता आले असते. टेपमावशीने कठड्यावरून खाली मान घातली आणि फिरवत राहिली. मग म्हणाली, चला, तिचा ड्रेस पुरा करायचाय.

तिने तो ड्रेस पुरा केला. मी मनातून म्हणत होते, निदान चेन तरी वाकडी लाव. पण तिने अस्तरसुद्धा हाताने टाचलं. धाकटी न्यायला आली, आरशासमोर उभी राहिली, स्वतःवर खूश झाली. तिने पैशांची पिशवी उघडली, तेवढ्यात टेपमावशी म्हणाली,

"भिंत कशी होती?"

"कुठली भिंत?"

"घरट्यांची."

धाकटी माझ्याकडे बघू लागली. मी दुमड घालत राहिले. दुकानात फार जागा नाही, उठून जायचं तर दोघींच्या मधूनच जावं लागलं असतं.

धाकटीने आधी नाकारलं, मग ट्यूबवाल्याला नावं ठेवली, मग स्टुलाच्या दुसऱ्या कडेला बसली आणि रडू लागली. तिचं म्हणणं तिच्या परीने खोटं नव्हतं. ट्यूब उलटली तर? खडकाला लागली तर? लोक म्हणाले असते, आंधळ्या बहिणीला घेऊन गेली आणि बुडवून आली. आणि नुसती भीतीच नाही. पहिल्या वर्षी आम्ही आधी जाऊन बघून यावं म्हणून गेलो, ती म्हणाली. तिथे इतकं मोकळं वाटलं मला. घरी, दवाखान्यात, सगळीकडे मी कोणाचंतरी करतच असते. तिथे माझ्याकडून काही मागणारं कोणी नव्हतं. तू आली असतीस तर सगळा वेळ माझं लक्ष तुझ्याकडे. "मला एक दिवस हवा होता, ताई. फक्त एक दिवस."

"तुला एक दिवस हवा होता तर घ्यायचा होतास," टेपमावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नाही नेणार म्हणाली असतीस तर मी या वहिनींना विचारलं असतं. ट्यूबवाल्याला विचारलं असतं. कोणाबरोबरही गेले असते. मला दिसत होतं तेव्हा. तू नाही म्हणाली नाहीस. तू थांब म्हणालीस."

धाकटी काहीतरी बोलायला गेली. थोरलीने ड्रेस कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला.

थंडीची चाहूल लागली होती, पण नदी अजून नितळ होती. टेपमावशी पुढच्या आठवड्यात गेली. ट्यूबवाल्याला खरं काय ते कळल्यापासून तो दोनदा दुकानात येऊन माफी मागून गेला होता, त्याची काही चूक नसताना. पिवळं कव्हर त्याने आपल्या सगळ्यात मोठ्या ट्यूबवर चढवलं आणि ती ट्यूब दोरीने आपल्या ट्यूबला बांधली. मी जीपने बंधाऱ्यापर्यंत गेले. ती पाण्यात बसताना एकदा दचकली, मग हात बाजूंना सोडून पाठ टेकली. गळ्यात टेप होती. मी म्हटलं, अगं, ती तरी काढून दे. ती हसून म्हणाली, सवय आहे, नसली तर बुडाल्यासारखं वाटेल. हे तिचं त्या दिवशीचं शेवटचं हसणं.

मी जीपने पुलाखाली येऊन वाळूवर खुर्ची टाकून बसले. उन्हं कलायच्या आत पिवळा ठिपका दिसला. ट्यूबवाला पुढे, ती मागे, मधे दोरी. मी उठून पाण्याच्या कडेपर्यंत गेले. तिला उतरवून घेतलं, टॉवेल दिला, गरम चहा दिला. तिचे ओठ निळे पडले होते.

मी विचारलं, दिसली?

आभाळ दिसलं, ती म्हणाली. ते समोरच असतं. मग तो ओरडला, मावशी, आली भिंत, डावीकडे. मी मान फिरवली. खडक दिसला, एवढासा. एक भेग दिसली. घरटी वर आहेत का खाली ते त्याला विचारलं. वर, म्हणाला. मी वर बघितलं तर झुडूप. तोवर पाणी पुढे. त्याने बिचाऱ्याने हाताने पाणी मारून ट्यूब धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण नदी काही थांबत नाही. एक दिसलं मला. एकच घरटं. मण्यासारखं नव्हतं, नुसती माती.

तिने चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला.

"मी शोधत राहिले, वहिनी. दोन वर्षांपूर्वी शोधावं लागलं नसतं."

ट्यूबवाला पाठमोरा होऊन कव्हर पिळत होता. मी तिच्या केसांतलं पाणी टिपत राहिले.

ती आता पुन्हा जायचं म्हणत नाही. पिवळं कव्हर तिने ट्यूबवाल्यालाच देऊन टाकलं.

धाकटी बरेच दिवस आली नाही. फोन करायची, टेपमावशी उचलायची, बरी आहे म्हणायची, ठेवायची. मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला एके दुपारी ती कापड घेऊन आली. हलकं, फुलांचं, चांगलं होतं. सोबत थोरलीसाठी डोळ्यांचे थेंब आणले होते, ते तिने बटणांच्या डब्यांशेजारी ठेवले. मग नेहमीच्या सवयीने ती मशीनसमोर येऊन उभी राहिली, पाठ थोरलीकडे करून, हात जरा सैल सोडून. तिच्या खांद्यांवर हात पडायची ती वाट बघत होती.

टेपमावशी उठली. तिने गळ्यातली टेप काढली, सरळ केली, आणि तिच्या बोटांनी गाठी मोजायला सुरुवात केली.

"ताई, माझं माप तुझ्या हातात आहे ना?" धाकटी मागे न वळता म्हणाली.

"वहिनी, लिहून घेता का," टेपमावशी मला म्हणाली. मी कागद आणि पेन्सिल घेतली. ती टेपेचं टोक धरून एकेक आकडा सांगत गेली, खांदा, पाठ, कंबर, लांबी, आणि तिची बोटं टेपेवरच राहिली.